पांढरे हार-कंगन

नानांच्या दुकानात जायचं तर काय घ्यायचं ते घरीच ठरवून जावं लागे. उंबऱ्यावर उभं राहून बरण्यांकडे बघत "हे देऊ का ते" असं करणाऱ्या पोराला ते बोटानं रस्ता दाखवत. "ठरायी ये. आठे इचार करानी जागा नही." मग ते पोर कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली जाऊन विचार करी आणि परत येई. तोवर शाळेची घंटा होई. धुळ्यातल्या आमच्या गल्लीत मोठी झालेली कित्येक माणसं आजही कुठल्याही दुकानात शिरण्याआधी बाहेर क्षणभर थांबतात. मीही थांबते.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. लिमलेटच्या गोळ्या, चिंचेच्या गोळ्या, बोरकूट, राजगिऱ्याचे लाडू, गोडीशेव. फुगीर पुड्यांच्या रंगीत माळा तेव्हा सगळ्या दुकानांवर लोंबत असत. नानांकडे एकही नव्हती. कंपनीचा माणूस माळ घेऊन आला की नाना एक पुडा तळहातावर ठेवून दाबत, आतली हवा इकडून तिकडे पळवत आणि परत देत. "हवा इकत नही मी." तो माणूस दर महिन्याला येई आणि दर महिन्याला नाना तो पुडा तितक्याच लक्षपूर्वक दाबून बघत. जणू या महिन्यात त्यात काही भरलं असेल.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा कागदाचा होता. पुड्या बांधायला ते वर्तमानपत्र वापरत नसत. शाईचा वास गोळीला लागतो म्हणत. आम्ही वर्ष संपलं की जुन्या वह्या त्यांना नेऊन द्यायचो आणि त्या बदल्यात मूठभर गोळ्या मिळायच्या. नाना चौथीपर्यंत शिकलेले. ते दुपारी एकेक वही उघडून पहिल्या पानापासून वाचत. लाल पेन्सिल कानावर. गणित चुकलं असेल तर सोडवून ठेवत. निबंध पटला नाही तर खाली शेरा मारत. 'माझा आवडता सण दिवाळी' या एका निबंधाखाली त्यांनी लिहिलं होतं, 'खोटं. तुला होळी आवडते. मी पाहिलं आहे.' मग ते पान फाडून त्याची पुडी होई आणि कुणाच्याही हाती पडे. आपला निबंध आपल्या वर्गमित्राच्या चिंचेच्या गोळीभोवती गुंडाळून शाळेत पोचणं ही आमच्या गल्लीतली रोजची धास्ती होती.

पोरांना ते नावानं हाक मारत नसत. ज्यानं पहिल्यांदा ज्या विषयाची वही दिली, तेच त्याचं नाव. दुकानासमोरच्या घरातला मुलगा 'भूगोल'. मी 'नागरिकशास्त्र'.

माझं ते नाव चुकलं होतं असं म्हणता येणार नाही. आमच्या घरात पलंगाखाली ट्रंका नव्हत्या, पत्रकांचे गठ्ठे होते. माझे वडील आणि त्यांचे पाचसहा मित्र मिळून एक छोटी संघटना चालवत. पाणी, रेशन, दवाखाना, जे अडेल त्यावर पत्रक निघे. 'कमळ' वाचायच्या आधी मी 'जाहीर निषेध' वाचायला शिकले. शाईचा वास, खळीचा डबा, भिंतीवर कागद सपाट करणारा पप्पांचा तळहात, यातच मी वाढले. आता मी जळगावला मेहरूणमध्ये राहते आणि स्वतःच पत्रकं लिहिते. छापखान्यातून कच्चा कागद तपासायला आला की मी एकेक ओळ चारचारदा वाचते. सोबतचे लोक हसतात. त्यांना वाटतं मला पोलिसांची भीती वाटते.

नाना आता नाहीत. त्यांच्या खोलीत मोबाईल दुरुस्त करतात.

मी सहावीत असतानाची गोष्ट सांगायला हवी. ती मी लिहून कधी काढली नव्हती.

होळीच्या आधीचे पंधरा दिवस नानांच्या दुकानाचं वर्ष उचलून धरत. कारण हार-कंगन. आमच्या खान्देशात होळीला पोरांच्या गळ्यात साखरेचे हार घालतात आणि मनगटात साखरेची कंगनं. बाळाची पहिली होळी असेल तर त्याशिवाय त्याला होळीपुढं नेतच नाहीत. पोरं दिवसभर ते मिरवतात आणि संध्याकाळपर्यंत चाटून-चावून संपवतात. नाना ते स्वतः पाडत. लाकडी साचे रात्रभर पाण्यात भिजलेले, आत आडवा टाकलेला दोरा, आणि सोनगीरहून आणलेली जाड पितळी कढई. निम्मा पाक पांढरा, निम्म्यात गुलाबी आणि पिवळा रंग. पाक उकळत असताना ते कुणाशी बोलत नसत. तार एका क्षणात येते आणि जाते, म्हणून. त्या वेळी दुकानात गिऱ्हाईक आलं तर त्याला नानांची पाठ दिसे आणि वर केलेलं एक बोट. थांब. आणि लोक थांबत.

त्या वर्षी फेब्रुवारीत, शाळेचं वर्ष संपायची वाट न बघता, मी माझी भरलेली निबंधाची वही त्यांना दिली. त्यात 'माझ्या स्वप्नातला भारत' होता. मला त्याचा फार अभिमान होता. चार दिवसांनी वर्गातल्या एका मुलानं बोरकूट खाऊन झाल्यावर कागद उलगडला आणि मोठ्यानं वाचला. माझा निबंध. खाली लाल पेन्सिलीनं, 'हे तुझं नाही. बापाचं आहे. तुझं लिही.'

वर्ग हसला. शिक्षकही हसले.

त्याच आठवड्यात आमच्या घरी बैठक होती. पप्पा म्हणत होते, खाण्याच्या पदार्थांत कपड्याचे रंग घालतात, मुलांच्या पोटात विष जातं आणि कुणाला पत्ता नसतो. मी दाराआड ऐकत होते. मला एकाच वेळी राग आलेला होता आणि तत्त्व सापडलेलं होतं. हे दोन्ही एकदम मिळाले की माणूस फार धोकादायक होतो, मग त्याचं वय अकरा का असेना.

मी कार्बन लावून पाच पत्रकं लिहिली. मथळा होता, 'आपल्या मुलांच्या जिभेवर कोणाचं राज्य?' खाली लिहिलं होतं की आपल्या गल्लीत गोळ्यांना आणि हार-कंगनांना कपड्याचा रंग लावला जातो, त्यानं मुलं आजारी पडतात, माता-भगिनींनी जागं व्हावं. नानांचं नाव नव्हतं. गल्लीत दुसरं दुकान नव्हतं. खाली 'एक जागरूक नागरिक'. पहाटे दुधाला जाताना पिठाच्या गिरणीवर, नळापाशी, देवळाच्या भिंतीवर, पिंपळाला आणि शेवटचं नानांच्या फळीच्या दारावर, अशी मी ती खळीनं चिकटवली.

दोन दिवस काहीच झालं नाही. बायका वाचत आणि पुढं जात. तिसऱ्या दिवशी भूगोलला उलट्या सुरू झाल्या.

कशानं झाल्या ते मला आजही माहीत नाही. त्याच्या बहिणीचं म्हणणं तो मळ्यातली कच्ची पपई खाऊन आला होता. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि काही म्हटलं नाही. पण भूगोलची आई, आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो, गिरणीवर उभी राहून ते पत्रक परत वाचत होती, आणि तिच्यामागे आणखी चारजणी. मी पिठाचा डबा घेऊन रांगेत होते. अक्का म्हणाली, "लिखनारानी आधीच लिखेल व्हतं ना. आपणच नही ऐकं."

माझा शब्द खरा ठरला होता आणि मला तो खरा नको होता.

संध्याकाळी पप्पांनी देवळावरचं पत्रक काळजीपूर्वक सोलून घरी आणलं. मित्रांपुढं ठेवलं. "भाषा कच्ची आहे," ते म्हणाले, "पण धग आहे. नाव नाही टाकलं. घाबरलेला माणूस आहे. तरी बोलला."

"आपण हे हाती घ्यायला पाहिजे," एक काका म्हणाले.

"घेऊच. रंगाची तपासणी होईपर्यंत तिथून काही घेऊ नका, असं घरोघर सांगू."

मी त्यांना चहा देत होते. अक्षर पप्पांनी ओळखलं नाही. त्यांनी माझ्या वह्या कधी वाचल्या नव्हत्या.

ते खरंच घरोघर गेले. रंगाची तपासणी मात्र कुणी केली नाही. नमुना कुठं द्यायचा, अर्ज कोण लिहिणार, यावर दोन बैठका झाल्या आणि मग पाण्याचा प्रश्न आला.

नानांचा उंबरा रिकामा पडला. ते फळीवर बसून वही वाचत, पण पान फाडत नसत, कारण पुडी बांधायची वेळच येत नसे. फक्त भूगोल तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठून मागच्या बोळातून त्यांच्याकडे गेला. "माय म्हणस मरशील. दोन चिंचेच्या द्या." नानांनी त्याला दिल्या नाहीत. आधी भात खा म्हणून परत पाठवलं. हे भूगोलनंच मला सांगितलं, हसत. होळी दहा दिवसांवर होती. हार-कंगनं कुणी घेतली नाहीत तर नाना पुढं काय करतील, हे अकरा वर्षांच्या डोक्यानंही कळत होतं. आणि सांगावं तर पप्पा तोंडघशी पडतील, तेही कळत होतं.

होळीला चार दिवस असताना मी गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले, त्यांच्या नियमाप्रमाणे. आत कढई होती आणि नानांची पाठ होती. मी पाठीलाच सांगितलं. "नाना, ते मी लिहिलं."

एक बोट वर झालं. थांब.

मी थांबले. पाकाला मोठे बुडबुडे येत होते. नाना पळीनं थेंब उचलत, बोटांच्या चिमटीत घेत, परत सोडत. किती वेळ गेला कोण जाणे. मला वाटलं, वळले की मारतील. मारलं तर बरं, असंही वाटलं. तार आली. त्यांनी कढई उतरवली आणि वळले.

"तिसरीपाईन तुन्हं अक्षर वाची राह्यनू मी," ते म्हणाले. "माले पहिला दिवसलेच समजनं."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"तू काय देखं ते सांग पहिले."

"काय म्हणजे?"

"मन्हा रंग कपडास्ना शे, हाई लिखं. काय देखं तू?"

मी पुष्कळ आठवलं. मी पाहिलं होतं ते एवढंच की गुलाबी कंगन चाटलं की जीभ गुलाबी होते. तेच सांगितलं. आणि मग, कोण जाणे कसं, ते निबंधाचंही सांगितलं. वर्ग हसला ते. त्यांनी ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाले नाहीत. मागच्या फळीवरून कागदाची एक लहान पुडी काढली आणि माझ्यापुढं उघडली. आत गुलाबी पूड होती.

"तीस वरीस व्हयनात. बजारमा एक जण देस. पुडीवर नाव नही, गाव नही. मी कधी इचारं नही." त्यांनी पुडी परत मिटली. "तू खोटं लिखं असं मी म्हणू तं कसं म्हणू? माले माहीत नही."

आणि त्यांनी थिजू लागलेला पाक पाण्याचा हबका देऊन पुन्हा तारेवर आणला आणि सगळा तसाच, पांढरा, साच्यांत ओतला.

मला तेव्हा ते फार मोठं वाटलं. आजही वाटतं. मी पुष्कळ सभा ऐकल्या आहेत, पण आपल्या पोटावर पाय येत असताना 'मला माहीत नाही' म्हणणारा माणूस मी व्यासपीठावर पाहिलेला नाही. पण गल्लीनं ते तसं वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी दारात नुसते पांढरे हार टांगलेले दिसले आणि नळावर अक्का म्हणाली, "रंग काढी टाका म्हणजे रंगमाच काही व्हतं. नहीते काढता काबर?" पप्पा म्हणाले, "हा आपल्या दबावाचा विजय आहे." सगळ्यांनी बाजारातून हार-कंगनं आणली. गुलाबी, पिवळी, हिरवीसुद्धा. त्या रंगाबद्दल कुणी पत्रक लावलं नव्हतं.

होळीच्या दिवशी दुपारी मी नानांकडून एक पांढरा हार विकत घेतला. ऊन उतरल्यावर तो घालून चौकात गेले. गोवऱ्या रचून झाल्या होत्या, बायका नैवेद्य घेऊन आल्या होत्या, पप्पा मित्रांबरोबर एका कडेला उभे होते. अक्कानं माझा गळा पाहिला. "हाई कोठून आना?"

मी गठ्ठ्यांवर झोपून मोठी झाले होते, तरी माणसांसमोर बोलायची वेळ पहिलीच होती. मी म्हणाले, "नानांकडून. ते पत्रक मी लिहिलं होतं. मला काहीच माहीत नव्हतं. मी रागानं लिहिलं."

मग मागून एक बाई म्हणाली, "पोरले हार दिना न् फोडी लिनी." शेजारची म्हणाली, "म्हातारा हुशार शे." दोघी हसल्या. माझ्या गळ्यात पुरावा लटकत होता. मी पप्पांकडे बघितलं. त्यांनी गोवऱ्यांकडे बघितलं.

घरी आल्यावर ते म्हणाले, "आधी मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर काय केलं असतं?"

त्यांनी खरंच विचार केला. "तर आपण ते नीट मांडलं असतं."

पप्पा वाईट माणूस नव्हते. अजूनही नाहीत. पण त्या दिवसानंतर मी त्यांच्या पत्रकात 'असे समजते' हे शब्द आले की तिथं बोट ठेवते आणि आमचं भांडण होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, धुळवडीच्या रंगानं गल्ली ओली असताना, मी तो हार परत द्यायला गेले. एकही पाकळी खाल्ली नव्हती. "लोक म्हणतात तुम्ही मला फोडलं."

नाना हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. "एक हारमाच फुटनी का तू? भलती स्वस्त शे."

"आता काय करायचं?"

"खाय तो. आणि पुढला वरीसले परत सांग."

मी पुढच्या वर्षी परत सांगितलं. होळीला त्याच चौकात, पांढरा हार घालून. तोवर लोक विसरले होते, मीच त्यांना आठवण करून दिली, आणि दोन घरं जी हळूहळू नानांकडे परत येत होती तीही बिचकली. खरं बोलण्यानं असंही होतं, हे कुठल्याही पत्रकात मला वाचायला मिळालं नव्हतं. नाना एवढंच म्हणाले, "बरं व्हयनं. निम्मं सांगीसन नही भागत." त्यांनी आता शाळेजवळ गोडीशेवेची टोपली घेऊन बसायला सुरुवात केली होती. गुडघे धरून उठत. मी वर्गाच्या खिडकीतून बघायचे आणि फळ्यावरचं काही दिसायचं नाही.

तिसऱ्या वर्षी अक्काची थोरली मुलगी बाळंतपणाला शिरपूरहून माहेरी आलेली होती. मुलगी झाली. तिची पहिली होळी. होळीच्या सकाळी मी नानांकडेच होते, साचे धुऊन देत होते. अक्का उंबऱ्यावर आली. आत आली नाही. "फक्त कंगनं द्या," ती म्हणाली. "हार नको."

नानांनी साचा उघडून त्यातल्या त्यात गुळगुळीत जोडी काढली. हात पुसले, परत पुसले. अक्कानं त्यातलं एक तिथंच जिभेला लावलं आणि नानांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "मी खासू पहिले. काही नही व्हयनं तं दुपारले पोरले घालसू." आणि दोन्ही कंगनं पदरात धरून गेली.

त्या दिवशी नानांनी भट्टी पुन्हा पेटवली नाही. फळीवर बसून राहिले. समोर अक्काचं दार. मी आणलेली भाकरी तशीच झाकून ठेवली. एक गिऱ्हाईक आलं, त्याला बोट वर करून दाखवलं, आणि पाक नसताना ते गिऱ्हाईक का थांबायचं ते न कळून निघून गेलं. दुपारी त्या घरात बाळ रडलं. नाना उभे राहिले. रडणं थांबलं, तरी ते उभेच.

"जाय," ते मला म्हणाले. "देखी ये."

मी गेले. बाळ पाळण्यात झोपलेलं होतं. मनगटात कंगन होतं, निम्मं विरघळलेलं, आणि हनुवटीला साखर चिकटली होती. अक्का पाळण्याजवळ बसून एकेक मुंगी वेचत होती. माझ्याशी बोलली नाही, पण जा असंही म्हणाली नाही. मी बाळाच्या पोटावर हात ठेवून श्वास मोजला. मग परत आले आणि नानांना सगळं सांगितलं.

त्यांनी मान हलवली. खाली बसले. भाकरीवरचं फडकं काढलं, एक तुकडा मोडला आणि हातातच ठेवला.

"झोपेलच शे ना?"

"झोपलेलीच आहे, नाना."

"आखो एक डाव देखी ये."

मी चपला न घालताच पुन्हा निघाले.